सात इंची वीत



या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट आहे. उसाला पाणी सोडलंय, दारं धरून आलो, आता शेवटच्या सरीला पाणी पोचायला पाऊण तास तरी लागेल. तोवर मोटारीच्या खोलीत बसून हे लिहितोय. मागं म्हणलं होतं की टोमॅटोच्या रोपांच्या मरीबद्दल लिहीन. ते पुढच्या खेपेला नक्की. आज हाताबद्दल लिहायचं आहे, कारण दीड वर्ष हा हात मला नडला, आणि धारा काढून, कात्री चालवून हात आखडलेली माणसं आपल्यात कमी नाहीत.

आधी एक सांगून टाकतो. मी गिटार वाजवतो. हसायचं तर हसा, घरचीही हसली होती.

झालं असं की पोरगी पुण्याला कॉलेजात असताना तिनं गिटार घेतली होती. नोकरी लागली, खोली बदलली, आणि गिटार आमच्याकडं येऊन माळ्यावर पडली. त्या हिवाळ्यात उसाला पाणी रात्रीचंच. आमचा पट्टा बिबट्याचा. उसात जन्मतो, उसात वाढतो, त्याला ऊस म्हणजेच जंगल. जुन्नर-आंबेगावात ज्यानं बिबट्या पाहिला नाही असा रात्रीचा शेतकरी शोधून सापडायचा नाही. वनखात्याची माणसं सांगतात की रात्री एकट्यानं जाताना आवाज करत जा, मोबाईलवर गाणी लावा, घुंगराची काठी ठेवा. मोबाईल लावला की दोन तासांत बॅटरी जाते आणि मग बॅटरी गेलेला मोबाईल हातात घेऊन अंधारात बसायचं. म्हणून एके रात्री माळ्यावरची गिटार काढली आणि मोटारीच्या खोलीत आणली. वाजवायचा विचार नव्हता, नुसता आवाज करायचा होता. सहा तारांवरून हात फिरवला तर कुत्रं उठून बाहेर गेलं. बिबट्याला काय वाटलं ते त्यालाच माहीत.

पण तारेचा नाद खोलीत घुमला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा सप्ताह आठवला.

माझी वीत सात इंचाची आहे. वीत नऊ इंचाची धरतात, वाफ्याची मापं लहानपणी वितीनंच घ्यायचो, आणि माझी मापं कायम चुकायची, त्यावरून वडिलांचा मार खाल्लाय. बोटं आखूड आणि जाड. अकरा-बारा वर्षांचा असताना सप्ताहात पेटी शिकायची म्हणून पेटीवाल्या बुवांच्या पुढ्यात जाऊन बसलो. बुवांनी माझा पंजा पट्ट्यांवर ठेवून बघितला आणि म्हणाले, "बाळा, हा हात पेटीचा नाही. टाळ घे." त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. त्यांना पोरं भरपूर होती, वेळ कमी. मी टाळ घेतला तो आजतागायत. १९८७ ला दहावी झाली, शेतीत आलो, आणि पेटीचा विषय मनातूनही गेला.

लहान हाताचा फायदा म्हणाल तर तो वेगळीकडं झाला. द्राक्षाच्या विरळणीत माझी बोटं घडाच्या आत जायची, मण्याला धक्का लागत नसे, म्हणून नारायणगावच्या बाजूचे बागायतदार मला आवर्जून बोलवायचे. आणि दुसरा फायदा, शेळी अडली की वस्तीवरचे लोक माझ्याकडं यायचे. करडाचं डोकं किंवा पाय मागं वळला असेल तर मोठा हात आत जात नाही. माझा जातो. मला डाव्या हाताची सवय आहे. अशी किती करडं बाहेर काढली त्याचा हिशोब नाही. पैसे कधी घेतले नाहीत, पण कोणाच्या दारात गेलो की चहा आधी मला मिळायचा.

तर गिटार. पोरीला फोन केला, ती म्हणाली, "पप्पा, तीन कॉर्ड शिका, बास आहे." कॉर्ड म्हणजे दोन-तीन बोटं वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळ्या पट्ट्यांत एकदम दाबायची आणि उजव्या हातानं सगळ्या तारा छेडायच्या. गिटारच्या दांड्यावर आडव्या धातूच्या काड्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. दोन काड्यांमधली जागा म्हणजे एक पट्टी समजा. तिनं फोटो काढून पाठवले. 'ई मायनर' जमला, दोनच बोटं लागतात. 'सी' ला बोटं तीन पट्ट्यांत पसरावी लागतात. करंगळीशेजारचं बोट तिसऱ्या पट्टीत पोचेपर्यंत पहिलं बोट पहिल्या पट्टीतून सुटायचं. पहिलं धरलं की तिसरं सुटायचं. जनावरं बांधताना एक दावं बांधेपर्यंत दुसरं सुटावं तसं. आणि 'एफ' म्हणून एक प्रकार असतो, त्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकून दाबायचं आणि बाकीची बोटं पुढं पसरायची. त्यानं तर मला रडवलं.

इथून पुढं मी ज्या चुका केल्या त्या सांगतो, कारण त्या शेतकऱ्याच्या डोक्यानं केलेल्या चुका आहेत. आपल्याला वाटतं जमत नाही म्हणजे जोर कमी पडतोय. मी मंचरच्या बाजारातून हातानं दाबायची स्प्रिंग आणली, व्यायामवाले वापरतात ती. दिवसाला दोनशे वेळा दाबायची. वर सकाळ-संध्याकाळ दोन गाईंच्या धारा. रात्री गिटार, तीही तार तुटेल अशा जोरानं दाबून. आणि बोटं लांब व्हावीत म्हणून एक उपाय स्वतःच्या डोक्यातून काढला. दाणे काढलेलं मक्याचं कणीस कापून त्याचे तुकडे बोटांच्या बेचक्यात बसवायचे, वरून सुतळी गुंडाळायची आणि तसंच झोपायचं. घरची म्हणाली, "अहो, हात आहे का टोमॅटोचं झाड, सुतळीनं बांधायला?" मी ऐकलं नाही.

नंतर पोरीनं सांगितलं की असा खुळेपणा करणारा मी पहिला नाही. जर्मनीत शुमान नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला, १८१० चा जन्म. त्याला पियानो वाजवणारा व्हायचं होतं. ऐन तरुणपणात त्याच्या उजव्या हाताचं बोट कामातून गेलं. बोटाला वळण लावायला त्यानं यंत्र वापरलं आणि त्यामुळंच ते गेलं असं सांगतात, जाणकारांत त्यावर वाद आहेत. वाजवणं सुटलं आणि तो संगीत रचण्याकडं वळला. त्याच्याकडं रचना करायची विद्या होती. माझ्याकडं दोन गाई आणि पावणेतीन एकर.

दोन-अडीच महिन्यांत डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सकाळी मिटलेलंच राहायला लागलं. दुसऱ्या हातानं उघडलं की कट्ट असा आवाज यायचा आणि सरळ व्हायचं. दिवस वर आला की मोकळं. मला वाटलं थंडी आहे. तळहातात, त्या बोटाच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागत होती, दाबली की दुखायची. कोणाला सांगितलं नाही. गिटारमुळं झालं म्हणलं असतं तर लोक काय बोलले असते ते तुम्हीच ठरवा.

फेब्रुवारीत एका रात्री शेजारी आला. त्याची शेळी संध्याकाळपासून कळा देत होती, पाणमोट फुटून वेळ झाला होता, करडू येईना. गेलो. हात धुतला, तेल लावलं, आत घातला. करडाचं डोकं लागलं, पुढचा एकच पाय लागला, दुसरा मागं दुमडलेला. नेहमीचं काम. पाय मुडपून पुढं घ्यायचा, खुराला तळहाताची वाटी करायची म्हणजे पिशवीला इजा होत नाही. मी बोटं मिटून गुडघा धरला आणि ते बोट अडकलं. उघडेना. आत जागाच नाही की दुसऱ्या हातानं उघडावं. शेळी ओरडतेय, शेजारी बॅटरी धरून उभा, आणि माझं बोट आकड्यासारखं आत. जोर लावला असता तर शेळी फाटली असती. तसाच हळूहळू हात बाहेर घेतला. उजव्या हातानं करून बघितलं, मला त्या हाताची सवय नाही, जमलं नाही. मग गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते लांबच्या गावाला होते, यायला सव्वा तास गेला. अडकलेलं करडू मेलं. त्याच्या मागचं दुसरं जिवंत निघालं, शेळी वाचली.

शेजारी काही बोलला नाही. तोच जास्त बोलला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर मात्र मला बोलले, आणि ते इथं मुद्दाम लिहितो. उघड्या हातानं हे काम करू नका. गाभडणाऱ्या किंवा अडलेल्या शेळी-गाईच्या वारेतून, पाण्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी मागं लागते. लांब हातमोजे घ्या. वीस वर्षं मी ते वापरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. तिथं जे कळलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बोटांना हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. ते कोपराच्या खाली, हाताच्या दांडीत असतात, काही तळहातात. तिथून दोऱ्या निघतात, त्या मनगटातून, तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत जातात. सायकलच्या ब्रेकची वायर असते ना, बाहेर नळी आणि आत तार, तसंच. बोटाच्या मुळाशी त्या दोरीवर कड्यासारखं आवरण असतं. सारखं घट्ट पकडणं, आवळणं झालं की दोरीला आणि आवरणाला सूज येते, दोरीवर गाठ धरते. मिटताना गाठ कड्यातून मागं जाते आणि उघडताना अडकते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "साखर तपासली का?" मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं. माझी काठावर निघाली. म्हणजे गिटार शिकायला गेलो आणि चहातली साखर गेली.

माझ्या स्प्रिंगचं ऐकून डॉक्टर हसले. म्हणाले, "धारा काढणाऱ्या माणसाला पकड वाढवायची स्प्रिंग कशाला? तुमच्या हाताला पकडता भरपूर येतं. सोडता येत नाही."

सहा आठवडे रात्री बोटाला पट्टी, धारा बंद, आवळायचं काम बंद. नाही बसलं तर इंजेक्शन, तेही नाही तर बारकं ऑपरेशन. मला पट्टीनं अर्धा फरक पडला आणि पुढं एक इंजेक्शन घ्यावं लागलं. त्या इंजेक्शननं काही दिवस साखर वाढते, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं. त्या सहा आठवड्यांत दोन्ही गाईंच्या धारा घरचीनं एकटीनं काढल्या आणि उन्हाळी टोमॅटोच्या लागवडीला मजूर जास्त लावावे लागले. गिटारचं नाव घरात काढायची सोय राहिली नव्हती. तिनं एकदाच विचारलं, "त्या डब्यापायी हात घालवायचाय का?" उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

तरी गिटार मी सोडली नाही, आणि त्यातली एक गंमत सांगतो. पोरीनं फोनवर ब्रिजभूषण काबरांचं वादन लावून पाठवलं. 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हणून १९६७ साली ध्वनिमुद्रिका निघाली, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार. काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायचे. पुढं विश्वमोहन भट्टांनी त्याच वाटेनं मोहनवीणा केली, १९९४ ला त्यांना ग्रॅमी मिळालं. म्हणजे आपल्याकडच्या लोकांनी बोटं पसरायचा प्रश्नच ठेवला नाही. मी अर्ध्या इंची जीआय पाइपचा तीन इंचाचा तुकडा कापला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. दांड्याच्या सुरवातीला तारांखाली सळईचा बारका तुकडा घालून तारा उचलून घेतल्या, नाहीतर पाइप काड्यांवर खडखड वाजतो. गिटार मांडीवर घेतली आणि पाइप नुसता ठेवून सरकवला. दाबायचं नाही, पकडायचं नाही, बोट वाकवायचं नाही. भजनाच्या चाली त्यावर मींड घेऊन निघतात. ज्यांची बोटं खरोखरच वाकत नाहीत, संधिवात आहे, त्यांनी हे करून बघावं. मी अजूनही अधूनमधून करतो.

बोट मोकळं झाल्यावर पुन्हा कॉर्डकडं वळलो, पण या वेळी टेप घेऊन. रोपं लावताना आपण ओळीतलं अंतर मोजतो, दोन नळ्यांतलं मोजतो, ड्रीपरमधलं मोजतो. गिटारची पट्टी मोजायला मला वर्ष लागलं.

आमच्या गिटारची तार एका टोकाच्या टेकणापासून दुसऱ्यापर्यंत ६५ सेंटिमीटर आहे. मोठ्या माणसाच्या गिटारची बहुतेक तेवढीच असते. पट्ट्या सारख्या नसतात, पुढं जाल तशा अरुंद होतात. पहिली पट्टी साडेछत्तीस मिलिमीटर, पाचवी एकोणतीस. पहिल्या काडीपासून चौथ्या काडीपर्यंत ९७-९८ मिलिमीटर भरतात. तेच पाचव्या काडीपासून आठवीपर्यंत ७७-७८. दोन सेंटिमीटरचा फरक! माझं पहिलं बोट आणि करंगळी, वाकवलेल्या बोटांनी न ताणता, आठ सेंटिमीटरपर्यंत उघडत होती. म्हणजे मी वर्षभर हाताला जे जमणारच नाही अशा जागी बसून मारत होतो, आणि चार बोटं वर सरकलो असतो तर पहिल्याच दिवशी जमलं असतं. नवीन माणसाला सगळे पहिल्या पट्टीपासून सुरवात करायला लावतात, आणि लहान हाताला तीच सगळ्यात रुंद.

मग कॅपो घेतला. कॅपो म्हणजे दांड्यावर लावायचा चिमटा, सगळ्या तारा एका पट्टीवर दाबून धरतो. दुसऱ्या पट्टीवर लावला की तारेची लांबी ६५ वरून जवळजवळ ५८ सेंटिमीटर होते. आता गंमत बघा. पोरांसाठी पाऊणची गिटार मिळते, तिची तार साधारण ५८ च्या आसपासच असते. म्हणजे चिमटा लावला की मोठ्या गिटारची लहान गिटार झाली, नवीन घ्यायला नको. सूर एका स्वरानं चढतो, तो नको असेल तर सगळ्या तारा तेवढ्या उतरवून लावायच्या. उतरवल्या की तारा सैल पडतात आणि दाबायलाही हलक्या जातात. यात माझा दुहेरी फायदा झाला.

दुसरी गोष्ट दाबायच्या जागेची. पट्टीच्या मध्यावर दाबलं की जोर लागतो आणि तरी तार घसघस वाजते. पुढच्या काडीला अगदी लागून दाबलं की निम्म्या जोरात स्वच्छ आवाज निघतो. पोरगी फोनवर सारखी म्हणायची, "पप्पा, दाबू नका, टेकवा." तिच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला एक बोट गमवायची पाळी आली. आता रोज सुरवातीला मी एक काम करतो. तारेवर बोट नुसतं ठेवायचं, आवाज मेलेला येतो. मग जरा जरा जोर वाढवत जायचं आणि आवाज स्वच्छ झाला की थांबायचं, तेवढाच जोर लक्षात ठेवायचा. फवारणीचं प्रमाण काढल्यासारखं. जास्त मात्रेनं रोग लवकर जात नाही, पीक जळतं, हे आपण दुसऱ्याला सांगत फिरतो.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. मी अंगठा दांड्यावरून वर काढून धरायचो, कुऱ्हाडीचा दांडा धरावा तसा. अंगठा वर आला की तळहात दांड्याला चिकटतो आणि बोटं तोकडी पडतात. अंगठा खाली, दांड्याच्या मागं मधोमध नुसता टेकवला आणि मनगट जरा पुढं आणलं की बोटं आपोआप लांब होतात. करून बघा, गिटार नसली तर पाइपवर करून बघा. माझ्या करंगळीला यातून जवळजवळ एक सेंटिमीटर मिळाला. पण मनगट फार वाकवायचं नाही, दोऱ्या तिथूनच जातात, तिथं घासलं की नवं दुखणं. दुखलं की थांबायचं. ताण वेगळा आणि दुखणं वेगळं.

आणि हे एक बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता करंगळीशेजारचं बोट उचला. उचलत नाही. कोणाचंच फारसं उचलत नाही. बोटांच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एक अडवली की शेजारची अडते. मला वाटायचं माझंच बोट मठ्ठ आहे. त्या बोटाला स्वतंत्र उचलायची जबरदस्ती केली की हात आखडतो. त्याच्या शेजारणीला सोबत हलू दिलं की ते चालतं.

आमच्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. पोरवयात मी तिथं एका ढोलकीवाल्याला बघितलं होतं. वाजवायच्या आधी तो बराच वेळ नुसते हात चोळत, बोटं एकेक करून सोडवत बसायचा. मला वाटायचं वेळ काढतोय. आता मी धारा काढून झाल्या की कोमट पाण्यात पाच मिनिटं हात ठेवतो, बोटं उघडझाप करतो, मगच गिटार. आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर नाही, मग दारं बघून यायचं, मग पुन्हा दहा मिनिटं. पाणी देण्याचं काम याला फार सोयीचं आहे.

धारेची पद्धतही बदलली. मी अंगठा मुडपून धार काढायचो, वडील तशीच काढायचे. त्यानं सडाला इजा होते म्हणून गुरांचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत, पूर्ण मुठीनं काढा. मी सडासाठी कधी ऐकलं नाही, स्वतःच्या अंगठ्यासाठी ऐकलं. गाईनं पहिले चार दिवस दूध चोरलं, मग सरावली.

आता वीत किती झाली म्हणाल तर सातच इंच. हाडं या वयात वाढत नाहीत, जो वाढवून देतो म्हणेल त्याच्या नादी लागू नका. पहिलं बोट ते करंगळी आठ सेंटिमीटर होतं ते नऊ झालंय, दीड वर्षात. चिमट्याशिवाय 'सी' जमतो. 'जी' तीन बोटांचा जमत नाही, मी दोन तारा सोडून देतो, ऐकणाऱ्याला कळत नाही. आडव्या बोटाचा 'एफ' मी सोडलाय. त्याच्याऐवजी खालच्या चार तारांचा बारका 'एफ' घेतो. जॅंगो राइनहार्ट म्हणून फ्रान्समध्ये गिटारवाला होता, १९२८ ला त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडून गेली. तो पुढं मुख्यतः दोन बोटांवर वाजवायचा आणि जगातले गिटारवाले आजही त्याचं वादन ऐकून शिकतात. त्याची आणि माझी बरोबरी नाही. पण 'एफ' सोडला म्हणून आता मला लाज वाटत नाही.

कार्तिकातल्या काकड्याला मंडळींनी एक दिवस गिटार आणायला लावली. पेटीच्या मागं बसून तीन कॉर्डवर साथ केली. पेटीवर आता त्या बुवांचा नातू असतो, त्याचा हात मोठा आहे. दोन अभंगांनंतर टाळाच्या आवाजात गिटार ऐकूच येईना, मग मी गिटार ठेवली आणि टाळ घेतला.

शेजाऱ्याच्या घरी नंतर दोन शेळ्या व्यायल्या. एकीला अडचण आली होती असं कळलं. त्यानं थेट डॉक्टरांना बोलावलं, मला नाही. बरोबरच केलं त्यानं. माझ्याकडं आता लांब हातमोज्यांचं पाकीट आहे, न फोडलेलं, मोटारीच्या खोलीत फळीवर.

कुत्रं मघापासून उसाच्या बाजूला तोंड करून गुरगुरतंय. शेवटच्या सरीला पाणी पोचलं असेल. काठी आणि बॅटरी घेऊन दारं मोडून येतो. उद्या टोमॅटोची बांधणी आहे, दिवसभर सुतळी आवळायची, त्यामुळं उद्या रात्री गिटार बंद.